अंतर राखणारी मोटार आणि रस्त्यावरची आपली ट्रॉली



ट्रॅक्टर, विजेचा पंप, ठिबक संच अशी यंत्रे एकामागून एक आपल्या घरात आली. प्रत्येक वेळी शहाण्या शेतकऱ्याने दोन प्रश्न विचारले. हे यंत्र कोणते काम करते? आणि कोणते काम करीत नाही? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. ठिबक संच पाणी देतो, पण गाळणी चोंदली तर ती आपल्यालाच उघडून धुवावी लागते. ज्याने हे ध्यानात ठेवले त्याची बाग टिकली.

अलीकडे खेड्यापाड्यांतून ज्या नव्या मोटारी दिसू लागल्या आहेत, त्यांपैकी काहींत एक नवे यंत्र असते. त्याला अॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणतात. मराठीत सांगायचे तर पुढच्या वाहनापासून अंतर राखून आपोआप वेग कमीजास्त करणारी योजना. चालकाने एकदा वेग ठरवून दिला की अॅक्सिलरेटरवर पाय ठेवावा लागत नाही. पुढे वाहन आले तर मोटार स्वतःच वेग कमी करते, ते बाजूला झाले की पुन्हा ठरलेल्या वेगावर येते.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. गावातील कित्येक तरुण टुरिस्ट गाड्यांवर चालक आहेत आणि बऱ्याच बागाईतदारांच्या दारात अशी मोटार उभी आहे. शिवाय ज्या रस्त्यावरून ही मोटार धावते, त्याच रस्त्यावर आपली उसाची ट्रॉली, बैलगाडी आणि गुरेही असतात. म्हणून स्टिअरिंग धरणाऱ्यांनी आणि ट्रॉली हाकणाऱ्यांनी, दोघांनीही ही माहिती वाचावी.

मूळ कल्पना गव्हर्नरची

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. पिठाच्या गिरणीच्या ऑइल इंजिनाला गव्हर्नर असतो. जात्यात दाणे जास्त पडले की इंजिनावर भार येतो आणि फेरे मंदावतात. त्याबरोबर गव्हर्नरची फिरती वजने आत येतात आणि डिझेल वाढते. भार कमी झाला की वजने बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होते. फेरे कायम राहतात. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला अशा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर १७८८ साली बसवला. आपला ट्रॅक्टर हातरेसवर लावून आपण नांगरट करतो, तेव्हाही हेच तत्त्व कामी येते.

मोटारीचा वेग कायम राखणारे यंत्र अमेरिकेतील राल्फ टीटर या इंजिनिअरने तयार केले. हे गृहस्थ लहानपणी, वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने अंध झाले होते. त्यांचे वकील मोटार चालविताना बोलू लागले की वेग कमी होई आणि ऐकू लागले की वाढे. त्या धक्क्यांना कंटाळून टीटर यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत हे यंत्र आले.

या साध्या यंत्रात एक उणीव होती. पुढे कोणी आहे की नाही, हे त्याला कळत नसे. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न जपानमध्ये झाला. मित्सुबिशी कंपनीने १९९५ साली लेसर किरणांनी पुढचे अंतर मोजणारी मोटार विक्रीस आणली. तिला स्वतः ब्रेक मात्र लावता येत नसे. ती फक्त रेस कमी करी व गिअर उतरवी. १९९९ साली मर्सिडीज कंपनीने रडार बसविले आणि मोटार ब्रेकही लावू लागली. आपल्या देशात ही सोय प्रथम महागड्या परदेशी मोटारींत आली. २०२० साली एमजी ग्लॉस्टर, २०२१ साली महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ साली होंडा सिटीचा हायब्रीड प्रकार अशा गाड्यांतून ती हळूहळू मध्यमवर्गापर्यंत उतरली.

अंतर कसे कळते?

खोल विहिरीत हाक मारली की आवाज आदळून परत येतो. विहीर जितकी खोल, तितका उशीर. रडारचे काम असेच चालते. मोटारीच्या पुढच्या बंपरात किंवा जाळीमागे एक चपटी पेटी असते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी पुढे सोडते. त्या पुढच्या वाहनावर आपटून परत येतात. किती वेळाने आल्या यावरून अंतर कळते आणि लहरींत जो बदल झाला त्यावरून पुढचे वाहन जवळ येत आहे की लांब जात आहे, हे कळते. काचेवर बहुधा एक कॅमेराही असतो. तो रस्त्याचे पट्टे व वाहनाचा आकार ओळखतो.

राखायचे अंतर चालक बटणाने ठरवितो. ते मीटरांत नसते, वेळेत असते. दोन सेकंदांचे अंतर ठेवावे असे जाणकार सांगतात. ते किती होते पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगात मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, १०० च्या वेगात २८ मीटर आणि १२० च्या वेगात ३३ मीटर. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे १० मीटर. याचा अर्थ १०० च्या वेगात मोटार एका सेकंदात जवळजवळ तीन गुंठ्यांच्या बाजू ओलांडते. चालकाने तीन सेकंद मोबाइलकडे पाहिले तर ८४ मीटर रस्ता त्याने न पाहता कापला!

चालक काय सांगतात?

फिरतीच्या निमित्ताने अशा मोटारी चालविणारे बरेच जण भेटतात. त्यांना मी अनुभव विचारतो.

नागपूरहून प्रवासी आणणारा एक तरुण चालक समृद्धी महामार्गाचा नेहमीचा वाटसरू आहे. या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पूर्ण झाला. तो म्हणाला, "साहेब, आधी शिर्डी येईपर्यंत उजव्या पायाचा घोटा आखडून जायचा. आता पाय मोकळा राहतो. पण खरं सांगू का, पाय मोकळा झाला की डोळा जड होतो." त्याने स्वतःपुरता नियम केला आहे. दोन तास झाले की थांबायचे, तोंड धुवायचे, चार पावले चालायचे. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपते, हे प्रत्येक जुन्या चालकाला ठाऊक आहे. यंत्राने त्याचे काम कमी केले की ही झापड आणखी लवकर येते.

निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार मुंबईच्या वाऱ्या करतात. त्यांची तक्रार वेगळी. "मी नियमाप्रमाणे अंतर जास्त ठेवतो, तर तेवढ्या फटीत कोणीतरी गाडी घुसवतो. मग आमची गाडी दचकून ब्रेक मारते. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या देतो." कंटाळून त्यांनी अंतर सर्वांत कमी करून ठेवले. हा उपाय बरोबर नाही. दाट वाहतुकीत यंत्रच बंद करावे आणि पायाने गाडी चालवावी. अंतर कमी करून वेग तोच ठेवणे म्हणजे ब्रेक लागण्याची जागाच विकून टाकणे होय.

साताऱ्याकडच्या एका शिक्षिका दर आठवड्याला पुण्याहून स्वतः मोटार चालवीत येतात. वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा या यंत्राने फार आराम मिळतो, असे त्यांचे म्हणणे. पुढची गाडी थांबली की यांची थांबते. पण एकदा त्या महामार्ग सोडून बाजूच्या सेवा रस्त्यावर उतरल्या. पुढची गाडी सरळ निघून गेली. यंत्राला वाटले रस्ता मोकळा झाला, आणि गाडी आधी ठरविलेल्या ९० च्या वेगाकडे झेपावू लागली! ताईंनी वेळीच ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच यंत्र सुटते, हे त्यांना माहीत होते. तेव्हापासून महामार्ग सोडण्याआधी त्या यंत्र बंद करतात.

आंबा घाटातून नेहमी जाणारा एक चालक सांगतो की वळणावर पुढचा ट्रक रडारच्या टप्प्याबाहेर जातो. यंत्र समजते, पुढे कोणी नाही. मग ऐन वळणात गाडी वेग घेऊ पाहते. घाटात हे यंत्र वापरू नये, असे कंपन्यांच्या पुस्तकांतही लिहिलेले असते. पण गाडी घेतल्यावर ते पुस्तक कोण वाचतो?

एका रात्रीची गोष्ट

सर्वांत जास्त विचार करायला लावणारा अनुभव सोलापूरकडच्या एका तरुणाचा. उसाचा हंगाम होता, वेळ रात्रीची. यंत्र ९५ वर लावलेले. पुढे एक जीप होती आणि तिच्यामागे अंतर राखून याची मोटार व्यवस्थित चालली होती. एकाएकी जीप उजवीकडे सरकली. जीप बाजूला होताच याच्या मोटारीने नेमाप्रमाणे वेग वाढवायला सुरुवात केली. आणि समोर अंधारात उसाने भरलेली ट्रॉली उभी! दिवा नाही, पट्टी नाही. तरुणाची नजर रस्त्यावर होती म्हणून त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. मोटार ट्रॉलीपासून सात-आठ फुटांवर थांबली.

चाक पंक्चर झाले होते. ट्रॉलीखाली जॅक लावून बाप आणि त्याचा शाळकरी मुलगा बसले होते.

घाम पुसून तो तरुण त्यांना म्हणाला, "काका, मागं काहीतरी दिवा तरी ठेवायचा." त्यावर उत्तर मिळाले, "आता नव्या गाड्या आपोआप थांबतात म्हणं."

हा समज आता गावोगाव ऐकू येतो. तो मोटार घेणाऱ्यांतही आहे आणि ट्रॉली हाकणाऱ्यांतही आहे. तो साफ चुकीचा आणि जीवघेणा आहे.

उभे वाहन यंत्र का सोडून देते?

रडारच्या लहरी फक्त वाहनांवर आपटत नाहीत. रस्त्याकडेचे फलक, लोखंडी कठडे, पूल, खांब या सर्वांवर त्या आपटून परत येतात. या प्रत्येक वस्तूसाठी मोटार ब्रेक लावू लागली तर चार फर्लांग जाणे कठीण होईल. म्हणून जी वस्तू जागची हलत नाही ती बहुधा सोडून द्यावी आणि जी पुढे चालत आहे तिचा माग धरावा, अशी मुळात या यंत्राची रचना झाली. पेरणीपूर्वी चाळणीने खडे काढताना चार चांगले दाणेही खड्यांबरोबर जातात, तसे हे होते. फलकांबरोबर उभी ट्रॉलीही गाळली जाते.

नव्या मोटारींत कॅमेऱ्याची जोड असते आणि धडक टाळण्यासाठी निराळा आपत्कालीन ब्रेकही असतो. त्यामुळे उभे वाहन पुष्कळदा ओळखले जाते. पण वेग जास्त असेल, रात्र असेल, पाऊस किंवा धुके असेल, तर भरवसा नाही. दुचाकी, बैलगाडी आणि गुरे यांच्या बाबतीत तर आणखी कमी. लाकूड आणि जनावराचे अंग यांवरून लहरी लोखंडाइतक्या जोराने परत येत नाहीत. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस किंवा लोखंडी सळ्या यांचे टोक यंत्राला न कळता मागचा आस तेवढा कळतो, असेही घडते.

दुसरे असे की हे यंत्र ब्रेक लावते तो बेताचा. वेगात असताना सेकंदाला सेकंदाला साडेतीन मीटरहून अधिक जोराने वेग कमी करू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तशा ब्रेकने १०० च्या वेगातील मोटार थांबायला १०० मीटरहून जास्त अंतर लागते. चालकाने कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबला तर साधारण ५० मीटर पुरतात. म्हणजे संकटाच्या वेळी यंत्राच्या पायापेक्षा माणसाचा पाय बळकट आहे, पण तो वेळेवर उठला तरच.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेचे संशोधन करणाऱ्या विमा संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की हे यंत्र चालू असताना चालकांनी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. यंत्राने वेग वाढविला नाही. माणसानेच बटण दाबून मर्यादेपेक्षा जास्त वेग ठरविला.

जुन्या काळी रात्री गाड्यांची रांग बाजाराला निघाली की पुढच्या गाडीमागे बैल आपोआप चालत आणि मागचा गाडीवान डुलकी घेई. नवे यंत्र तेवढेच करते, पुढच्याच्या मागे चालते. फरक इतकाच की वाटेत खड्डा किंवा आडवे झाड दिसले तर बैल पाय रोवून उभा राहत असे. या यंत्राला तेवढी समज नाही. आणि त्या गाड्यांच्या आखाखाली कंदील लोंबत असे, हेही विसरू नका. मागच्याला आपण दिसलो पाहिजे, ही अक्कल आपल्या आजोबांना होती.

मोटार चालविणाऱ्यांनी

१. हे यंत्र दुभाजक असलेल्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावरच लावावे. घाट, गावठाण, बाजाराचा रस्ता, दाट धुके व मुसळधार पाऊस यांत बंद ठेवावे.

२. अंतर निदान दोन सेकंदांचे ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन" म्हणावे. त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर अंतर कमी आहे.

३. पुढची गाडी एकाएकी बाजूला झाली तर पाय ताबडतोब ब्रेकवर न्यावा. ती कशासाठी तरी बाजूला झाली आहे.

४. महामार्ग सोडण्यापूर्वी यंत्र बंद करावे.

५. शेतरस्त्यावरून आल्यावर बंपरावरील रडारची जागा व काच ओल्या फडक्याने पुसावी. चिखल बसला की यंत्र आंधळे होते. त्या जागेवर लोखंडी गार्ड बसवू नये. दसऱ्याला गाडीची पूजा अवश्य करावी, पण झेंडूचा हार तेथे लोंबत ठेवून प्रवासाला निघू नये.

६. दर दोन तासांनी थांबावे. शेजारी बसलेल्या घरच्या माणसाने झोपू नये, चालकाशी बोलत राहावे. त्याचा हात मोबाइलकडे गेला तर संकोच न करता टोकावे. हे काम घरातील भगिनी फार चांगले करतात.

ट्रॉली व गाडी हाकणाऱ्यांनी

१. ट्रॉलीच्या मागे लाल व बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी लावावी. मागे लाल परावर्तक असणे मोटार वाहन नियमांनी सक्तीचेच आहे. एका पोत्याच्या खतापेक्षा हा खर्च कमी आहे. पट्टीवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसावी.

२. ऊस मागे लोंबत असेल तर त्याने पट्टी व दिवा झाकला जातो. म्हणून उसाच्या टोकाला वेगळा लाल दिवा किंवा चमकणारे कापड बांधावे. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागच्या ट्रॉलीलाही दिवा हवा.

३. बिघाड झाला तर ट्रॉली डांबरी रस्त्यावरून खाली उतरवावी. ते शक्य नसेल तर आधी मागे शंभर पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवावा व बॅटरी घेऊन एक जाणता माणूस रस्त्याच्या कडेला, डांबराबाहेर उभा करावा. मगच जॅकला हात लावावा. मुलांना ट्रॉलीखाली बसवू नये.

४. खुणेसाठी रस्त्यावर दगड रचण्याची आपली सवय वाईट आहे. काम झाले की ट्रॉली जाते आणि दगड तेथेच राहतात. अंधारात ते माणसालाही दिसत नाहीत, मग यंत्राला कोठून दिसणार?

५. बैलगाडीच्या मागच्या बाजूला आणि जुवाच्या टोकांना पट्टी लावावी. साखर कारखान्यावर वजनासाठी रांग लागते, तेव्हा प्रत्येकाने पुढच्याची ट्रॉली पाहावी आणि पट्टी नसेल तर सांगावे.

हे यंत्र वाईट आहे असे मुळीच नाही. लांबच्या प्रवासात ते चालकाचा शीण कमी करते, पुढच्या गाडीला चिकटून चालण्याची खोड मोडते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते जरूर वापरावे. मात्र ते मदतनीस आहे, मालक नाही. नवा गडी कामावर ठेवला म्हणून आपण बांधावर जाणे सोडत नाही, तसेच येथेही नजर आपलीच असली पाहिजे.

येत्या हंगामात आपल्या घरातील कोणी मोटार घेऊन निघेल आणि कोणी ट्रॉली घेऊन निघेल. रस्ता दोघांचा एकच आहे. तेव्हा आज संध्याकाळीच बॅटरी घेऊन आपल्या ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलांवर उभे राहा आणि उजेड टाकून पाहा. ट्रॉली चमकली नाही, तर उद्याचे पहिले काम कोणते, हे आपल्याला कळले आहे.